आधी उजेड, मग कॅमेरा

टिनाच्या छताचा एखादा खिळा निघून बारीक भोक पडलेलं असतं. दुपारी त्यातून ऊन आत येतं आणि खाली सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडतो. भोक चौकोनी असो की वेडंवाकडं, कवडसा गोलसरच असतो. कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. छत दहा फूट उंच असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर हे चित्र जेमतेम तीन सेंटीमीटर रुंद येतं. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट लांब आहे, आणि त्याच हिशेबानं तो जमिनीवर उतरतो. ग्रहणाच्या दिवशी याच कवडशांना कोर येते. विदर्भातल्या मोताळा तालुक्यात टिनाची घरं गावोगाव आहेत. त्या प्रत्येक घरात, कुणी न मांडलेला, एक कॅमेरा दुपारभर चालू असतो.

मोबाईल असो की सिनेमाचा लाखांचा कॅमेरा, मूळ मांडणी हीच. पुढे एक भोक, मागे उजेड झेलणारा पृष्ठभाग. भोकाला भिंग बसवलं की चित्र धारदार होतं, मागे सेन्सर ठेवला की ते साठवता येतं. म्हणून व्हिडिओ करायला निघालेली तरुण मुलं ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं विचारतात तेव्हा मला आधी त्यांची खोली बघावीशी वाटते. खिडकी कुठं आहे, दार कोणत्या दिशेला उघडतं, भिंतीचा रंग कोणता. चित्र उजेडाचं निघतं. कॅमेरा ते फक्त झेलतो.

उजेडाचं माप आहे लक्स. मे महिन्याच्या दुपारी मोताळ्याच्या बसस्टँडवर, उघड्यावर मोजलं तर आकडा एक लाखाच्या घरात जातो. तिथून चार पावलं टाकून एखाद्या दुकानात आत शिरा, जिथं वर एक ट्यूब आहे. तिथं भरतात दोनशे, फार तर तीनशे लक्स. चार पावलांत उजेड तीनशे-चारशे पटींनी घटला, आणि आपल्याला काय जाणवलं? क्षणभर अंधारी आली, मग सगळं दिसायला लागलं. पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा पाव हिस्साही नसतो, तरी आपण पायवाटेनं चालत घरी येतो. एवढा मोठा पल्ला सहज पेलणारा डोळा आपल्याला मिळालाय, पण याच सवयीमुळे उजेडाच्या बाबतीत तो फार भाबडा साक्षीदार ठरतो. ‘खोलीत चांगला उजेड आहे’ असं तो सांगतो. कॅमेऱ्याला ती फसवणूक जमत नाही. तो मिळालेला उजेड मोजतो, कमी पडला तर ताणून मोठा करतो, आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यागत चित्र दाणेदार होतं.

हे दाणे येतात कुठून? अनेकांना वाटतं, स्वस्तातला कॅमेरा आहे म्हणून. खरं कारण याहून अद्भुत आहे. उजेड सलग धारेनं येत नाही, कणाकणानं येतो, आणि हे कण, फोटॉन, वेळापत्रक पाळून येत नाहीत. पावसाची सुरुवात आठवा. पहिले टपोरे थेंब पडताना अंगणात ओळीनं वाट्या मांडल्या, तर एकीत चार थेंब, शेजारचीत सात, तिसरीत एकच. तेच धुवांधार पाऊस झाला की सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरतात. आणि वाटीच्या जागी परात ठेवली तर रिमझिमीतही हिशेब बराच सारखा येतो. गणितही याला दुजोरा देतं. सेन्सरच्या एका ठिपक्यावर सरासरी शंभर कण पडत असतील तर त्यात दहाएकांची चढउतार होणारच, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडत असतील तर चढउतार शंभराची, म्हणजे फक्त एक टक्का. अंधाऱ्या खोलीतल्या व्हिडिओतले ते थरथरणारे दाणे म्हणजे बहुतांशी उजेडाचा हा मूळ स्वभावच. कितीही महाग यंत्र आणलं तरी तो बदलणार नाही. पाऊस वाढवायचा किंवा परात मोठी घ्यायची, दोनच उपाय.

परात मोठी घेण्याचा हिशेब करून पाहू. साध्या मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण तीस चौरस मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखावर बसून जागा उरेल. व्हिडिओसाठी निघालेल्या खिशातल्या कॅमेऱ्यांत, म्हणजे सोनी झेडव्ही-१ किंवा डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ यांत, ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर असतो. तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. त्याच्या वर भिंग बदलता येणारे कॅमेरे, सोनी झेडव्ही-ई१० हा त्यातला नवख्यांचा आवडता; त्याचा सेन्सर भरतो सुमारे ३६६ चौरस मिलिमीटर. मोबाईलच्या बारा पट! हा आकडा पाहून कुणीही कर्ज काढायला निघेल.

थांबा. भोकाचा हिशेब राहिला. मोबाईलचं भिंग बहुधा एफ १.८ असतं. त्या मोठ्या कॅमेऱ्यासोबत खोक्यात जे भिंग मिळतं ते एफ ३.५ पासून सुरू होतं, आणि चित्र जवळ ओढत गेलं की ५.६ पर्यंत आकसतं. आकडा जितका मोठा तितकं भोक लहान, आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १.८ आणि ३.५ यांतला फरक निघतो जवळपास पावणेचार पट. बारा पटींना पावणेचारानं भागलं की उरतात तीन पट आणि थोडं वर. इतके पैसे मोजल्यावर हाती लागलेला उजेडाचा नफा एवढाच. वेगळं एफ १.८चं भिंग घेतलं तर बाराच्या बारा पट मिळतात, पण त्याचे पैसे वेगळे.

आता पाऊस वाढवण्याचा हिशेब. आजीला चुलीजवळच्या कोपऱ्यात बसवून तिची शेवभाजी दाखवायची आहे. कोपऱ्यात उजेड शंभर लक्स. तिला म्हणायचं, “आजी, जराशी दाराकडं सरक व.” पूर्वेचं दार उघडं आहे, ऊन थेट आत येत नाही, पण बाहेरचं आभाळ आणि अंगण उजळलेलं आहे. दारापासून दोन हातांवर तोच उजेड हजार-दीड हजार लक्सवर सहज जातो. पाट सरकवला, आणि दहा-पंधरा पटींचा नफा झाला. एक छदामही न खर्चता. मला या हिशेबाचं अजूनही नवल वाटतं, आणि नवख्यांनी कॅमेऱ्याच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी तो एकदा घरी करून पाहावा असं मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, मोबाईल रात्री इतके लखलखीत फोटो काढतो, मग व्हिडिओच का अंधारतो? कारण फोटोला थांबता येतं. रात्रीचा फोटो काढताना मोबाईल दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो, अनेक चित्रं एकावर एक रचतो. व्हिडिओला सेकंदाला पंचवीस किंवा तीस चित्रं हवीत. एकेका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा पंचविसावा भागसुद्धा धड येत नाही. तेवढ्यात जे कण पोचले तेच त्या चित्राचं धन.

थांबण्याची ही किमया महाराष्ट्रात फार आधी एका माणसाला उमगली होती. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. घरात पैसा नव्हता, आणि हलतं चित्र आपल्याला जमतं हे भांडवल देणाऱ्यांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत बी पेरलं, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चित्र घेत राहिले. कोंब फुटून वेल वाढण्याचे सगळे दिवस मिनिटभरात डोळ्यांसमोरून सरकले. नट नाही, सेट नाही, दिव्यांचा खर्च नाही. आज मोबाईलमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाचं बटण आहे ते हेच काम करतं. मोताळ्यातल्या कुणाला पहिला व्हिडिओ सुचत नसेल तर जुलैत उगवणारं सोयाबीन समोर उभंच आहे.

फाळक्यांच्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. कपाळावरचं लालभडक कुंकू पडद्यावर काळं उमटायचं. शिवाय ती फिल्म आजच्या सेन्सरच्या मानानं इतकी मंद की उन्हाशिवाय पर्यायच नसे. त्यांच्याही आधी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तीही उघड्या आभाळाखाली. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, ती धुवायला शिकल्या, आणि चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात तासन् तास उभ्या राहत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. ती चादर कशासाठी? चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली पडली तिकडे ऊन परतवण्यासाठी. मोठमोठ्या चित्रीकरणात आजही पांढऱ्या थर्माकोलचा ताव हेच काम करतो. मुंबईतला कामगार तो ज्या कोनात धरतो त्याच कोनात मोताळ्यात घरातलं कुणीही धरू शकतं, आणि स्टेशनरीच्या दुकानात तो अगदी थोडक्या पैशांत मिळतो.

दिव्यांच्या उजेडात चित्रण आपल्याकडे आलं ते कोल्हापुरातून. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला होता, आणि १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. भारतीय चित्रपटातला तो पहिला वापर मानला जातो. ते मुळात चित्रकार होते. उजेड कुठून यावा हे त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं.

उजेड कुठून यावा, हाच पुढचा प्रश्न. इथं मोताळ्याचं नकाशावरचं स्थान मोठं मजेचं आहे. गाव साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो: २४ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. जुलैत बहुधा ढग असतात, पण मेमध्ये दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी अंगणात काठी रोवा, सावली नाहीशी होईल. गंमत पाहायला ही वेळ उत्तम, चेहरा चित्रित करायला सर्वांत वाईट. भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, नाकाची ओठांवर, टोपीची अर्ध्या तोंडावर. डोळे म्हणजे दोन काळे खळगे. घरात डोक्यावर लटकणाऱ्या बल्बखाली बसलं की हेच होतं.

याच्या उलट २२ डिसेंबर. त्या दिवशी मोताळ्यात ऐन मध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४६ अंशांवरच असतो. स्टुडिओत मुख्य दिवा चेहऱ्याच्या वर आणि थोडा बाजूला, साधारण ४५ अंशांवर लावतात. छायाचित्रकार पिढ्यान् पिढ्या हेच शिकत आलेत. म्हणजे कापूस वेचणीच्या त्या दिवसांत, आग्नेयेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसासाठी निसर्गानं मोताळ्याच्या शिवारात दिवा अगदी पुस्तकातल्या जागी टांगलेला असतो. डोळ्यांत एक बारीक चमक येते, गालाला गोलाई येते, सुरकुत्या नीट वाचता येतात. हे समजल्यापासून मला हिवाळ्यातलं ऊन वेगळंच दिसतं.

तरीही ऊन कडकच. सूर्य प्रचंड आहे, पण आभाळात तो अर्ध्या अंशाचा ठिपका आहे, आणि ठिपक्याएवढ्या दिव्याची सावली धारदार पडते. उजेड मऊ करायचा तर दिवा दिसायला मोठा हवा. ढग आले की तेच होतं: सूर्याचा उजेड सगळ्या आभाळभर पसरतो आणि आभाळच दिवा बनतं. श्रावणातल्या भरल्या आभाळाखाली नळगंगा धरणाच्या काठावर काढलेले चेहरे बघा, सावलीची एक रेघ सापडणार नाही. घरात हेच साधायचं तर उन्हाच्या खिडकीवर जुनं पांढरं धोतर ताणून लावा. धोतर उजळतं, आणि खिडकीएवढा दिवा तयार होतो.

विकतचा दिवा घ्यायचाच असेल तर हाच नियम लावा. नवखे सर्रास गोल रिंग लाइट घेतात. मला तो पसंत नाही. कॅमेऱ्याभोवतीच उजेड असल्यानं चेहरा सपाट होतो, आणि चष्मा असेल तर काचेत दोन पांढरी कडी तरंगतात. त्याच पैशांच्या आसपास साधा चौकोनी एलईडी पॅनेल घ्या, त्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर किंवा पांढरं कापड धरा, बाजूला वर ठेवा आणि होईल तितका चेहऱ्याजवळ आणा. जवळ आणण्यात मोठी ताकद आहे. लहान दिवा चार फुटांवरून दोन फुटांवर आणला की उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो.

एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, शोधा. उन्हात सगळे रंग असतात. एलईडी मात्र निळ्या उजेडाचा तुकडा असतो. त्यावरचा पिवळा लेप उरलेले रंग भरून काढतो. लेप हलका असला की लाल रंग उपाशी राहतो, आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीची सगळी ऊब त्या लालातच असते. घरगुती बल्ब ऐंशीच्या आसपास असतात. व्हिडिओसाठी पंचाण्णवच्या वरचा घ्यावा. आणि दोन जातींचे उजेड मिसळू नयेत. खिडकीतलं ऊन सुमारे ५,५०० केल्विनचं, पिवळा बल्ब २,७०० चा. दोन्ही एकदम चेहऱ्यावर पडले तर एक गाल निळसर, दुसरा हळदीचा. कॅमेरा कुणा एकाच उजेडाला पांढरं मानू शकतो. दिवसा चित्रण करताना घरातले दिवे बंद करा, इतकं पुरतं.

ट्यूबच्या उजेडात काढलेल्या व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकताना पाहिलेत? तेही बिघाड नव्हे. महावितरणची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि दर हेलकाव्यात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा. मोबाईलनं प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात घेतलं तर काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. मोबाईलच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाका, पट्टे जातात. दिवा घेण्याआधी दुकानातच मोबाईलचा स्लो मोशन चालू करून त्याच्याकडे धरा. लुकलुकला, तर तो नको.

उन्हाळ्याची एक सूचना विदर्भापुरती. मोबाईल बनवणाऱ्या कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो. उन्हात रोवलेला मोबाईल तापून चित्रण मध्येच थांबवतो. सावलीत उभे राहा, मोबाईलवर पांढरा रुमाल टाका, सकाळचे सात ते नऊ कामाचे धरा.

खर्चाचा क्रम मी असा सांगेन. घरातला आहे तोच मोबाईल, आणि त्याचा मागचा कॅमेरा. सेल्फीचा कॅमेरा लहान असतो, तो गप्पांपुरता. पहिला पैसा स्टँडवर. दुसरा कॉलरला लावायच्या माईकवर, कारण चित्र जरा अंधुक असेल तर लोक पाहतात, आवाज कळला नाही तर व्हिडिओ सोडून जातात. तिसरा एका पॅनेलवर आणि थर्माकोलच्या दोन तावांवर. एवढ्यावर वर्षभर काम करा. वर्षानंतरही हात शिवशिवत असतील, आणि मोबाईल नेमका कुठं अडवतो हे तुम्ही बोट ठेवून सांगू शकत असाल, तर फिरून फिरून बोलणाऱ्याला खिशातला एक इंची कॅमेरा पुरे. एका जागी बसून चित्रण करणाऱ्यानं भिंग बदलता येणारा घ्यावा, आणि त्यासोबत पहिल्याच दिवशी एफ १.८चं भिंग. ते भिंग परवडत नसेल तर तो कॅमेरा अजून घेऊ नये.

दरम्यान विषय समोर आहेत. कोथळीची हेमाडपंती देवळं आहेत, राजूर घाटातून पावसाळ्यात उतरणारं धुकं आहे, आणि वऱ्हाडी बोलीत पेरणीची, दुष्काळाची, लग्नांची हकिगत सांगणारी ऐंशी-नव्वदीतली माणसं घरोघर आहेत. देवळं आणि धुकं पुढच्या वर्षीही असतील. त्या माणसांचं चित्रण कॅमेरा येईपर्यंत लांबवू नका. उद्या सकाळी त्यांना दाराशी बसवा आणि हातातला मोबाईल चालू करा.